सोजरबाईंची भेट

पत्र चारच ओळींचे होते. त्यात राग कुठेच नव्हता, हे तेजस्विनीला अधिक लागले.

'आपल्या प्रतिनिधीने विश्रांतवाडीत सोजरबाईंची भेट घेतल्याचे वाचून आनंद झाला. हे नाव मीच ठेवले होते. अशी बाई मला अजून भेटलेली नाही. पत्ता कळवावा. – मुनव्वर, संपादक, पाक्षिक हजेरी, खडकी.'

खडकीच्या कारखान्यातून निवृत्त झालेले मुनव्वर आठ पानांचे 'हजेरी' स्वतःच लिहीत आणि स्वतःच वाटत. त्यातला एक लेख आळंदी रस्त्यावरच्या एका सोसायटीवर होता. तिथे घरकामाच्या बायकांना लिफ्ट वापरायची बंदी होती. तेजस्विनीच्या मोबाइलवर कुणीतरी त्या पानाचा फोटो पाठवला, तेव्हा तिच्या वेबसाइटसाठी पाच बातम्या देऊन झाल्या होत्या आणि सहावी उरली होती. वेळ नव्हता, हे कारण खरे होते. पण पुरे नव्हते. 'अकराव्या मजल्यावर पोचेपर्यंत तिचे अंग अर्धे संपलेले असते, आणि काम तिथून सुरू होते,' हे वाक्य वाचल्यावर तिला स्वतःचे एकही वाक्य सुचेना. असे काही लिहिता यावे म्हणूनच तर ती विद्यापीठात पत्रकारिता शिकली होती. रोजच्या सहा बातम्यांच्या रतिबात ते कधी हातचे गेले, तिला कळलेही नव्हते.

तिने दोन परिच्छेद जसेच्या तसे उचलले आणि धंद्याच्या सवयीने वर एक ओळ चढवली : 'सोजरबाईंची भेट घेतली असता त्यांनी सांगितले.' फोटोत पानाची तळाची ओळ कापली गेली होती. तिथे छापले होते : नाव बदलले आहे.

तिच्या वेबसाइटचे संपादक इंद्रजीत यांना चोरीचे फारसे दुःख नव्हते. उचलतात सगळेच, सापडायचे नसते, एवढेच त्यांचे म्हणणे होते. पण बातमी पुरस्कारासाठी गेली होती, त्यामुळे सोजरबाई असणे आता गरजेचे होते.

"एवढ्या सोसायट्या आहेत तिकडे. एखादी सोजरबाई निघेलच. फोटो काढून आण, दोन ओळींचा खुलासा मी लिहितो."

"आणि त्या फोटोमुळे तिची कामं सुटली तर, सर?"

"तू बातमीदार आहेस की तिची मामेबहीण?"

तेजस्विनी गेली. नोकरी तिलाही हवी होती. तिसऱ्या सोसायटीच्या फाटकावर पहारेकऱ्याने सांगितले की सोजरबाई आहे की, बी विंगला, आता उतरेल. तिने मोबाइल काढून कॅमेरा उघडून ठेवला.

बाई जिन्याने उतरली. शेवटच्या पायरीवर टेकली, पिशवीतली बाटली काढून पाणी प्याली, मग समोर उभ्या असलेल्या मुलीकडे तिचे लक्ष गेले.

"काय पायजे, बाई? काम हाय का?"

एवढेच विचारले तिने. एका फोटोने आहेत ती कामेही जातील, आणि तेही जी तक्रार तिने कधी केलीच नाही त्यापायी, हे तिला कुठून ठाऊक असणार?

"काही नाही, मावशी," तेजस्विनी म्हणाली आणि मोबाइल पर्समध्ये टाकला. स्कूटर मात्र तिने कचेरीकडे वळवली नाही. वाटेत खडकी स्टेशनबाहेरच्या बाकावर बसून तिने वहीची दीड पाने भरली. बऱ्याच महिन्यांनी तिचा हात कुठेही अडला नाही.

मुनव्वर नव्या अंकाच्या घड्या घालत बसले होते. तिने नाव सांगितले तरी त्यांचे हात थांबले नाहीत.

"मिळाल्या का सोजरबाई?"

"मिळाल्या. फोटो नाही काढला."

"मग इकडे कशाला आलात? माफी मागायला?"

"नाही. मी माफी मागणार, तुम्ही मोठ्या मनाने देणार, आणि सगळं इथंच मिटणार. मला मिटवायचं नाही. हे छापा."

मुनव्वरनी चष्मा चढवून कागद वाचले. काय उचलले, कुठून उचलले, भेट कशी झालीच नव्हती, सहा बातम्यांचा हिशेब काय आणि आज सकाळी संपादकांनी काय आणायला पाठवले, सगळे ओळीने लिहिले होते. त्यांनी एकच शब्द खोडला. त्यांच्या वाक्यामागे तिने 'अप्रतिम' लिहिले होते.

"विशेषणं आम्ही छापत नाही," ते म्हणाले. "हे आलं की नोकरी जाईल. या शहरातलं कुठलं वर्तमानपत्रही तुम्हाला दारात उभं करणार नाही. आमच्याकडे सोय आहे. नाव बदलू?"

त्यांचे पेन पानाच्या तळाशी, त्या नेहमीच्या ओळीच्या जागी टेकले होते.

"नको," तेजस्विनी म्हणाली. "आडनावासकट छापा."