ताटल्यांची रांग

माणूस स्फोटकांच्या वाटेला का लागतो आणि त्या वाटेवरून परतलेल्याला त्याची वस्ती कशी वागवते, या दोन प्रश्नांचा अभ्यास वेनिंगने बरीच वर्षे चालवला होता. विद्यापीठातले सहकारी पहिल्या प्रश्नाचे उत्तर शिकवणुकीत शोधत, दुसऱ्याचे कायद्यात. तिला दोन्ही उत्तरे अपुरी वाटत. मात्र त्यांच्या जागी ठेवण्याजोगे तिच्याजवळ काही नव्हते.

जावा बेटावरच्या सोलो शहराच्या दक्षिणेकडील एका वस्तीत तुगिमान राहत असे. एका टोळीची स्फोटके त्याने घरात लपवली होती. पोलीस वेळेवर पोचल्यामुळे कुणाचा जीव गेला नाही. तो तुरुंगात गेला, आणि सुटल्यापासून आईच्या दारात सायकली दुरुस्त करीत बसे. टोळीतल्या जुन्या सोबत्यांचा दूरच्या बेकासी शहरातून निरोप आला होता, की इकडे ये, तुझी जागा राखून ठेवली आहे. जावे की न जावे हे त्याचे ठरत नव्हते, आणि ते त्याने वेनिंगपासून लपवले नव्हते, एवढाच तिला दिलासा होता.

ज्याच्याविषयी लिहायचे त्याला ते आधी वाचून दाखवायचे, असा तिचा नेम होता. वस्तीतल्या प्रत्येक मेजवानीनंतर तुगिमानच्या घरी जेवणाचा डबा पोचतो, त्यात कोंबडीचा चांगला तुकडा असतो, यावरून वस्तीने त्याला पुन्हा सामावून घेतले असे दिसते, हे तिने वाचून दाखवले तेव्हा तो चाक फिरवता फिरवता हसला. तिला तो आदराने 'बू', म्हणजे बाई, म्हणत असे.

"बू वेनिंग, तुम्ही सोलोच्याच ना? डबा कुणाच्या घरी जातो? अंथरुणाला खिळलेल्याच्या. नाहीतर ज्याने मांडवात येऊ नये, त्याच्या."

वेनिंगचा चेहरा उतरला. हे तिला ठाऊक नव्हते असे नाही. तिच्या घरूनही एका नावडत्या मावशीकडे असेच डबे जात असत. तोंडावर नकार देणे जिथे असभ्य, तिथे नकारही केळीच्या पानात गुंडाळून येतो. आपला माणूस तो, ज्याला लग्नात कामाला बोलावतात. जो इतर तरुणांबरोबर रांगेत उभा राहून बसलेल्या पाहुण्यांपर्यंत ताटल्या पोचवतो.

"आणि त्या लोकांकडे तू पहिल्यांदा गेलास तेव्हा?" तिने विचारले.

"मी कामाला होतो ती गिरणी बंद पडली होती. हल्ली काय करतोस, असं कुणी विचारू नये म्हणून मी मांडवात जाणं सोडलं. मला अवघडल्यासारखं होऊ नये म्हणून वस्तीतल्यांनीही बोलावणं सोडलं. तिकडे गेलो, तर पहिल्याच दिवशी चटया अंथरायला लावल्या. शिकवण नंतर आली, बू. आधी चटई आली."

त्या आठवड्यात वस्तीचे प्रमुख गुनादी यांच्या मुलीचे लग्न होते. अभ्यासकाने आपल्या विषयात हात घालू नये, हे वेनिंग विद्यार्थ्यांना नेहमी बजावीत असे. बराच वेळ स्वतःशी वाद घालून ती वाद हरली आणि तुगिमानला वाढप्यांच्या रांगेत घ्या, असे सांगायला गुनादींच्या अंगणात जाऊन बसली.

गुनादींनी चहा पुढे केला आणि सगळे शांतपणे ऐकून घेतले. मग म्हणाले, की पाहुणे बाहेरगावचे आहेत. त्याच्या हातून ताटली पडली, तर नुसत्या आवाजाने अर्धा मांडव खुर्च्यांखाली शिरेल. स्वतःच्या विनोदावर ते थोडे हसले, पण लगेच त्यांचा आवाज बदलला.

"म्हणजे दोष आमचा, असं म्हणायचंय का तुम्हाला?"

"नाही, पाक," वडीलधाऱ्या पुरुषाला म्हणतात तसे म्हणत ती बोलली. "माल त्याने लपवला. दोष त्याचा, शिक्षाही त्यानेच भोगली. पण गिरणी बंद पडली तेव्हा तुम्ही त्याला बोलावलं नाहीत, आणि आताही बोलावत नाही. दोन्ही वेळा सभ्यपणानेच. बेकासीचे लोक सभ्य नाहीत. ते सरळ कामाला लावतात."

गुनादींनी चहाचा पेला झाकणाने झाकला आणि मुलीच्या सासरची चौकशी करावी तसे वेनिंगच्या आईवडिलांविषयी विचारू लागले. संभाषण संपले, हे तिला कळले.

लग्नाच्या आदल्या दिवशी दुपारी ती तुगिमानकडे बसली असताना गुनादी स्वतः आले. वाढप्यांचा बाटिक सदरा त्यांनी सायकलच्या बैठकीवर टाकला. क्षमेचा किंवा मायेचा एकही शब्द ते बोलले नाहीत.

"ती साखळी नंतर बसव. सकाळी लवकर ये. आधी सूप, मग भात, मग बर्फाचं सरबत. आणि सूप सांडलंस ना, तर बघच."

तुगिमानने तेलकट हात आधी पुसले, मगच सदऱ्याला लावले.

दुसऱ्या दिवशी पाहुण्यांत बसलेल्या वेनिंगला रांग येताना दिसली. पुढच्या खुर्चीवरच्या बाईने तुगिमानला ओळखले असावे. ताटली घेण्यासाठी पुढे झालेला तिचा हात थबकला. तो वाकून उभाच राहिला. ताटली कलली, सूप काठाशी आले, आणि मांडवाच्या टोकाकडून गुनादी ओरडले, "तुगिमान, सरळ धर! झोपलास काय?" अगदी तसेच ते सकाळपासून प्रत्येक पोरावर ओरडत होते. दोघेतिघे हसले. बाईनेही हसू दाबत ताटली घेतली. तुगिमानचे कान लाल झाले, आणि तो मागच्या ताटलीसाठी वळला.

चार दिवसांनी वेनिंग आपला मजकूर दुरुस्त करून घेऊन गेली, तेव्हा तो घाईत होता. मांडवाच्या ताटल्या मोजून परत करायचे काम त्याच्याकडे आले होते, आणि येत्या रविवारी आणखी एक लग्न होते. त्याच रविवारी बेकासीच्या लोकांनी बोलावले होते ना, असे तिने भीतभीत विचारले.

"कळवलं त्यांना, जमणार नाही म्हणून," तो म्हणाला. "पुढचं पुढे बघू."

आतून त्याची आई मात्र कुरकुरत होती. एवढे मोठे लग्न झाले, आणि या खेपेला घरी डबा काही आला नाही.