रखमा काठाला लागली का

“वहिनी, लाल बटनाला तेवढा हात लावू नका. काळं दाबलं की मी बोलीन, लाल दाबलं की पुसला जाईन.”

टेपजवळ बसले की महालिंगभावजींचं हे बोलणं मला अजून ऐकू येतं. ते माझे धाकटे दीर, परभणीला मास्तर. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं नि डॉक्टरांनी मला दोन महिने वाचू नका म्हणून सांगितलं. लिंगपूजा डोळे मिटूनही होते. पण पूजेनंतर पोथीचा एक अध्याय झाल्याशिवाय मी घास घेत नाही. तो अध्याय आमचे हे वाचून दाखवायचे, दुकान उघडायच्या घाईत, अर्ध्या ओव्या गिळून. दुपार मात्र खायला उठायची. ते बघून भावजींनी एक जुनी, नावाजलेली कादंबरी स्वतः वाचून कॅसेटींत भरायला घेतली. दोन कॅसेटी आणि टेप ते वालूरला आमच्या घरी देऊन गेले.

कादंबरी कशी ऐकतात मला माहीत नव्हतं. मी पोथी ऐकते तशीच ऐकली. पाय धुऊन, पाटावर बसून, डोक्यावर पदर घेऊन. शेजारची कस्तुराबाई वाती वळत सोबत बसायची.

“आवं भागम्मा, ह्यात देव कवा येणार?” तिनं पहिल्याच दिवशी विचारलं.

“येईल की. आजून लय हाय.”

देव काही आला नाही. आली ती रखमा. नवरा परागंदा झालेला, सासऱ्यानं घराबाहेर काढलेलं, काखेत तान्हं लेकरू. ती माहेराला निघालेली. भावजी सावकाश वाचायचे. मधून पान उलटल्याची सळसळ व्हायची, मागं त्यांच्या गल्लीतली पोरं ओरडायची. दुसऱ्या कॅसेटीच्या शेवटी रखमा पुराच्या पाण्यात नावेत बसली. नाव मधोमध गेली, नावाड्याच्या हातचं वल्हं निसटलं, आणि खट्. कॅसेट संपली.

आमच्यात पोथी वाईट ठिकाणी थांबवत नाहीत. कुणी संकटात असलं तर ते सुटेपर्यंत चार ओव्या जास्त वाचायच्या, मगच पोथी बांधायची. माझ्या सासूबाईंनी एकदा चुलीवरचं दूध उतू जाऊ दिलं होतं, पण वनात एकटी पडलेली राणी तशी सोडून त्या उठल्या नव्हत्या. आणि इथं रखमा पाण्यात, मी पाटावर.

तिसरी कॅसेट भावजी रविवारी आणणार होते. पण ते नामांतराचे दिवस. कुठं बंद, कुठं दगडफेक, एसटी कधी वालूरपर्यंत यायची, कधी सेलूहूनच परत फिरायची. एक रविवार गेला, दुसरा गेला. रखमा तिथंच.

शेवटी मी नदीकाठच्या महादेवाला नवस बोलले. रखमा लेकरासकट काठाला लागेपर्यंत मीठ खाणार नाही. लागल्याचं कानी आलं की अनवाणी येऊन एकशे आठ बेलपानं वाहीन.

नवसाचं जेवताना ह्यांना कळलं. “अगं, छापलेलं पुस्तक हाय ते! लिहिणाऱ्यानं काय करायचं ते कवाच करून ठेवलंय. तुझ्या मिठानं काय व्हायलंय?”

“काय करून ठेवलंय मग, सांगा.”

“मला काय ठावं?”

“मलाबी न्हाई. म्हणून तर बोलले.”

कस्तुराबाई पदरात तोंड घालून हसली. “पेटीतल्या बाईसाठी मीठ सोडलंस व्हय? माझ्या गुडघ्यापायी कधी एक फूल वाह्यलं न्हाईस!”

तिचं खरंच होतं. मी असं का केलं, मलाही नीट सांगता येत नव्हतं.

अकराव्या दिवशी पूजेतून उठताना मला घेरी आली. ह्यांनी घाबरून नवसाचं, घेरीचं सगळं भावजींना चिठ्ठीत लिहिलं. त्या दिवशी नेमकी गाडी आली होती, चिठ्ठी कंडक्टरच्या हाती गेली. चार दिवसांनी त्याच कंडक्टरनं दुकानात तिसरी कॅसेट आणून दिली.

पाय धुऊन बसले. भावजींनी मागची दोन वाक्यं पुन्हा वाचून सुरुवात केली होती. वल्हं निसटलं, नाव फिरली, रखमानं लेकरू उराशी धरलं. मग कुणीतरी काठावरून दोर फेकला. रखमा काठाला लागली.

कस्तुराबाई रडली. रडतच आत जाऊन मिठाची चिमूट आणली. “घे बाई. सुटली ती. तूबी सूट.”

मी चिमूट हातात घेतली आणि टेप मागं नेऊन पुन्हा लावली. वल्हं निसटल्यावर, टेप थांबवून पुन्हा चालू केल्यासारखं, बारीक खट् असं ऐकू आलं. त्याच्यापुढं गल्लीतली पोरं नव्हती. पान उलटल्याची सळसळ नव्हती. वल्ह्यापासून काठापर्यंत एकही पान नाही. मी मीठ परत बरणीत टाकलं.

रविवारी भावजी आले. मी पाण्याचा तांब्या दिला आणि विचारलं, “भावजी, ते शेवटचं तुमी पुस्तकात बघून वाचलं का?”

त्यांनी तांब्या तसाच खाली ठेवला. “पुस्तकात नाव उलटते, वहिनी. लेकरू सापडतं. ती सापडत नाही. दादाची चिठ्ठी आली, मग ते पान माझ्यानं वाचवेना. मनानंच बोललो. चुकलं माझं. तुमच्यासारख्या बाईला खोटं ऐकवलं.”

“झालं तर!” हे म्हणाले. “बुडाली. संपला नवस. खा भाकरी.”

“बुडाली तर नवस फळला कुठं? मग मीठ कसं खाऊ?”

“मग तरली म्हण!”

“तरली म्हणू?”

ह्यांनी कान खाजवला नि भावजींकडं बघितलं. भावजींनी माझ्याकडं.

माझं तर डोकं चालेना. मी महादेवाला मागितलं तेव्हा ती बुडून कैक वर्षं झाली होती. आणि मागितल्यावर ती तरली, भावजींच्या तोंडून. हे देवानं केलं, की ह्यांच्या चिठ्ठीनं, की माझ्या घेरीनं? देवानं केलं म्हणावं तर मधे खोटं आहे. खोटं म्हणावं तर मी माझ्या कानांनी दोराचा ओला आवाज ऐकलाय.

“एवढं पुसतो,” भावजी म्हणाले. पिशवीतून पुस्तक काढून त्यांनी टेप पुढं ओढला. “खरं पान भरून देतो. तुमच्या मनाला घोर नको.” त्यांचं बोट लाल बटनावर गेलं.

मी त्यांच्या बोटाखाली माझा हात घातला. “राहू द्या.”

“म्हणजे, वहिनी?”

“मला समजंना. पण राहू द्या.”

त्यांनी पुस्तक परत पिशवीत ठेवलं. संध्याकाळच्या गाडीनं गेले. त्या दिवशीही मी अळणीच जेवले. ह्यांनी आपल्याही ताटातलं मीठ बाजूला सारलं.

सोमवारी पूजा झाली. अध्याय ह्यांनी सगळा वाचला, एक ओवी गिळली नाही. मग दुकानात गेले. मी परसातल्या बेलाची पानं तोडून, धुऊन पदरात घेतली. एका डोळ्यावर हिरवी पट्टी, म्हणून बोटांनीच मोजली. एकशे आठ भरली. मी फेडायला गेले नाही, तर ती पाण्यातच राहणार. एवढंच मला कळत होतं, तेही पुरतं नाही.

“भागम्मा, कुठं निघालीस गं उन्हाचं?” कस्तुराबाईनं कुडावरून विचारलं.

“आलेच,” मी म्हणाले, आणि चपला उंबऱ्याच्या आत ठेवून नदीच्या वाटेला लागले.