टाकीवरचं कुंकू

ओमकारची जुनी मोटारसायकल चालता चालता बंद पडायची आणि थोडं थांबलं की पुन्हा सुरू व्हायची. म्हसा गावातल्या जाणकारांनी प्लग बदलला, कार्बोरेटर धुतला. ओमकारच्या आई वत्सलाबाईंनी मात्र सगळा दोष सुनेच्या पायगुणावर टाकला. "आज बंद पडली तर माहेर नाय. तशीच माघारी ये," त्यांनी कुणालीला बजावलं.

कुणालीच्या माहेरी, शेणव्याला जाताना वाटेत गाडी बंद पडलीच. दोघं झाडाखाली बसली. मांडीवरची तान्हुली बाटली चोखून चोखून रडवेली झाली, तरी दूध येईना. कुणालीने सवयीने झाकण जरा सैल केलं. आत हवा शिरली नि दूध सुरू झालं.

तिची नजर पेट्रोलच्या टाकीकडे गेली. झाकणावरचं हवेचं बारीक भोक सासूबाई दर मंगळवारी गाडीला लावत त्या हळदकुंकवाने पार लिंपून गेलं होतं.

"अवो, टाकीचं झाकण उघडा जरा."

झाकणाने मोठा सुस्कारा सोडला आणि गाडी पहिल्याच किकला सुरू झाली. कुणालीने बांगडीतली पिन काढून भोक मोकळं केलं.

"आईला नको सांगू गो," ओमकार कळवळला. "तिला वाईट वाटंल."

"नाय सांगत. तुमीच सांगा, सुनेचा पायगुण सुधारला म्हणून. आन् पुढच्या मंगळवारी कुंकू चाकाला लावा म्हणावं."

ओमकारने गुमान शेणव्याकडे गाडी काढली.