राखून ठेवलेली जागा

गाण्याचा पहिला सूर कानावर पडला आणि कुरामोची बाईंच्या डोक्यात तिडीकच गेली. त्या जपानमधल्या एका शाळेच्या आरोग्य खोलीच्या बाई, आजारी पोरांना बघणाऱ्या. सातवीतली हिनाको वर्गाचं दार दिसलं की ओकायची. सबंध उन्हाळा घराबाहेर पडली नव्हती. बाईच म्हणाल्या होत्या, "वर्ग गेला खड्ड्यात. माझ्या खोलीच्या मागच्या दारानं ये, चहा पी आणि जा." पोर यायला लागली. पडद्याआड बसून गणितं सोडवायला लागली. परवा तर चक्क हसली.

आणि आज अख्खा वर्ग दारात! समूहगान स्पर्धा तोंडावर आलेली, म्हणून वर्गशिक्षक नागुमो सरांनी पोरं रांगेनं उभी केलेली. दुसऱ्या रांगेत मधोमध एक जागा रिकामी.

"हिनाको, तुझी जागा राखून ठेवलीय बरं का!" सरांचे डोळे खरंच भरून आले होते.

पडद्याआड हिनाको कानात बोटं घालून कॉटखाली शिरली होती.

"बंद करा हा तमाशा!" बाई कडाडल्या.

"अहो बाई, पोरं प्रेमानं आलीत."

"घेराव घालून कसलं डोंबलाचं प्रेम! निघा!"

दार आपटून बाई वळल्या, तर मागचं दार सताड उघडं. हिनाको अनवाणीच पळाली होती; तिचे शाळेत घालायचे बूट कॉटखालीच राहिले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिच्या आईचा फोन आला. "पोर पांघरुणातून तोंड काढत नाही. आता शाळेचं नावही काढू नका."

त्यावर मुख्याध्यापकांचं फर्मान: मुलांची मनं दुखावलीत, वर्गात जाऊन माफी मागा. चोर सोडून संन्याशाला फाशी!

बाई गेल्या. सगळा वर्ग त्या माफीसाठी कमरेत वाकायची वाट बघत होता. बाई ताठ उभ्या राहिल्या.

"काल मनापासून कोण कोण आलं होतं?"

पुढच्या बाकावरची माकी उठली. वर्गाची मॉनिटर, एक दिवस खाडा नाही.

"बाई, माझं रोज सकाळी पोट दुखतं. तरी येते. नाही आले तर माझ्याही दारात येऊन गातील."

नागुमो सर खाकरले. "माकी, बस खाली."

"बसू नकोस गं," बाई म्हणाल्या आणि सरांकडे वळल्या. "ऐकलंत ना? आता हिच्यासाठी कुठलं गाणं बसवताय?"