आठच्या पटीतला बफर

दादाने माझं वाक्य खोडलं, तेव्हाच माझ्या मनात आलं की कुठेतरी पाणी मुरतंय.

वाक्य साधं होतं: ‘बफरची लांबी आठच्या पटीत असावी.’ आमच्या कर्नलच्या माहितीपुस्तिकेत ते पहिल्यापासून होतं. कर्नल म्हणजे यंत्राच्या पोटातला मूळ प्रोग्रॅम. बाकीचे प्रोग्रॅम त्याच्याकडे माहिती मागतात. मागणाऱ्याने भांडं पुढे धरायचं, कर्नलने त्यात ओतायचं. त्या भांड्याला आम्ही बफर म्हणतो, आणि भांडं केवढं हवं हे लिहिणं माझं काम. ते चुकलं तर सांडतं. मेमरीत सांडलेलं फरशीवर पडत नाही, शेजारच्या भांड्यात पडतं.

ओतणारा कोड दादाचा, म्हणजे माझ्या सख्ख्या थोरल्या भावाचा. आम्ही दोघं एकाच मजल्यावर बसतो. ऑफिसात मला सगळे ‘फौजदार’ म्हणतात, आणि हे नाव ठेवणाराही तोच.

“का खोडलंस?” मी त्याच्या टेबलापाशी जाऊन विचारलं.

“आता गरज नाही त्याची. नव्याने लिहिलंय मी. कितीही लांबीचा बफर दे, चालतो.”

“तेरा बाइटचा?”

“तेराचा, सतराचा, तुला हवा तेवढ्याचा. लोकांना उगीच पट मोजत कशाला बसवायचं? ‘कर्नल दिलेल्या लांबीपलीकडे लिहीत नाही’ एवढं टाक आणि मोकळी हो.”

मी टाकलं नाही. कुणी नवी अट घातली तर मी निमूट लिहून घेते. कुणी जुनी अट काढली की माझे कान टवकारतात. अट काय कुणी हौस म्हणून घालत नाही.

तपासायची माझी रीत आईकडून आलेली. आम्ही लहान असताना ती साखरेच्या डब्यात बोटाने रेघ ओढून ठेवायची. रेघ मोडलेली दिसली की ‘कुणी खाल्ली’ हे न विचारता दोघांच्याही पाठीत धपाटा. मीही तेच करते. बफर आणि त्यापुढची जागा एकाच खुणेने भरून ठेवते, मग कर्नलला ओतायला लावते, आणि खूण कुठपर्यंत पुसली गेली ते बघते. माझ्या मशीनवर तेराचा बफर दिला, तर खुणा बरोबर तेरापर्यंत पुसल्या गेल्या. पुढची एकही हलली नव्हती.

शहाण्या माणसाने इथे थांबावं. पण माझ्या मशीनवर होता तो चाचणीचा कर्नल. गिऱ्हाइकाकडे जातो तो पक्का कर्नल. तो बांधून, सही करून घ्यायला अख्खा दिवस जातो आणि तो चढवलेला सर्किट बोर्ड एकच असतो. म्हणून आमच्याकडे सगळेच चाचणीच्या कर्नलवर काम भागवतात.

“पक्का कर्नल दे ना एकदा,” मी दादाला म्हटलं.

“कशाला? तुझ्याकडचा तोच आहे.”

दोन दिवसांनी पुन्हा मागितला. त्याने मान वर केली नाही. “फौजदारीणबाई, सोमवारी पंपवाल्यांना पुस्तिका जायचीय. लिहा की आता!”

पंपवाले म्हणजे रुग्णाच्या शिरेत थेंबथेंब औषध सोडणारे पंप बनवणारी मंडळी. जो माणूस अट खोडतो, तपासायला देत नाही आणि वर घाई करतो, त्याच्याबद्दल तुम्ही काय म्हणाल? मी म्हटलं, चोराच्या मनात चांदणं. मग काहीही दिसलं तरी पुरावाच वाटायला लागलं. हा चहाला एकटाच का जातो? मी जवळून गेले की बोलता बोलता गप्प का होतो? पंपाचं काम वेळेत गेलं तर सगळी टीम त्याच्या हाताखाली येणार होती, हे तर उघडच होतं. मला राग आला होता, आणि रागापेक्षा भीती जास्त होती. दादा माझ्याशी खोटं बोलत असेल, याची भीती.

शुक्रवारी तो जेवायला खाली गेला. मशीन नेहमीसारखी उघडी टाकून गेला. तो स्क्रीनला कधीच कुलूप लावत नाही. ‘घरचीच तर माणसं आहेत’ म्हणतो. पंपवाल्यांसाठी सकाळीच तयार झालेला बोर्ड तिथेच जोडलेला होता, पक्क्या कर्नलसकट. मी त्याच्या खुर्चीत बसले. खुर्ची अजून गरम होती.

तेराचा बफर दिला. तेरा खुणा पुसल्या गेल्या, आणि त्यापुढच्या आणखी तीन. तिथे शून्यं येऊन बसली होती. पुन्हा चालवलं, पुन्हा तेच. पंपवाल्यांचा प्रोग्रॅम मी वाचलेला होता. त्यांच्या तेराच्या बफरला चिकटून शेजारी औषधाच्या मात्रेचा आकडा होता. तिथे शून्यं पडली असती तर पंप निमूट थांबला असता, आणि खाटेवरच्या माणसाला ते कळलंही नसतं.

दादाला हाक मारावी का, असा विचार आला. तो खालीच होता. पण हाक मारली तर हा गुपचूप दुरुस्त करेल आणि ‘असं कधी नव्हतंच’ म्हणेल. कुंपणच शेत खात असेल तर कुंपणाला काय विचारायचं? मी स्क्रीनचं चित्र काढलं, आमच्या विभागाच्या मुख्यबाईंना पाठवलं, पुस्तिकेत माझं जुनं वाक्य परत घातलं आणि खुर्ची होती तशी सरकवून ठेवली.

दुपारी बाईंनी सगळ्यांना बोलावलं आणि ते चित्र भिंतीवर मोठं करून लावलं. दादा रुमालाला हात पुसत आत आला आणि दारातच थबकला. मी त्याच्या कानांकडे बघत होते. काही लपवलेलं उघडं पडलं की त्याचे कान लाल होतात, अगदी लहानपणापासून. कान लाल झाले नाहीत.

तो भिंतीपाशी गेला आणि त्या तीन शून्यांवर बोट ठेवून उभा राहिला. “हे पक्क्या कर्नलवर?”

“हो,” मी म्हटलं.

“चाचणीचा एकेक बाइट मोजून ओततो,” तो स्वतःशीच बोलावं तसं बोलला. “पक्का वेगासाठी आठ-आठचा घास घेतो. मी बदल केला तो फक्त एकेकच्या वाटेत. दुसरी वाट तशीच राहिली. आणि तपासलं तेही चाचणीवरच.” मग तो बाईंकडे वळला. “चूक माझी आहे. सोमवारी काही जाणार नाही.”

त्याला माहीत नव्हतं. तो खरंच समजत होता की त्याने लोकांच्या डोक्यावरचं एक ओझं उतरवलंय.

जिन्यात त्याने मला गाठलं. “माझ्या मशीनवर चालवलंस?”

“हो.”

“बरं झालं सापडलं,” तो म्हणाला, आणि ते मनापासून म्हणाला. मग जरा थांबून, “तुला वाटलं मी लपवतोय?”

नाही म्हणता आलं असतं. मी जिन्याच्या पायऱ्यांकडे बघत राहिले, आणि त्याला काय ते समजलं.

“हाक मारायची होतीस गं,” तो म्हणाला. “खालीच तर जेवत होतो.”

पंपवाले कुरकुरले, थांबले. बाईंनी टीम दादाच्या हाताखाली द्यायचा विषय पुन्हा काढला नाही. पुढच्या आठवड्यात दादाने दुरुस्त केलेला पक्का कर्नल चढवून, न मागता बोर्ड माझ्या टेबलावर आणून ठेवला. “खात्री करून घे,” म्हणाला आणि गेला. फौजदारीणबाई नाही, काही नाही.

मी तेराचा बफर दिला, सतराचा दिला, एका बाइटचासुद्धा दिला. एकही रेघ मोडली नाही. मग माझं जुनं वाक्य मी माझ्या हाताने खोडलं आणि त्याचं लिहिलं: ‘कर्नल दिलेल्या लांबीपलीकडे लिहीत नाही.’ मला इतका आनंद झाला की चहाचे दोन कप घेऊन मी तडक त्याच्याकडे निघाले. ही बातमी आधी त्यालाच सांगायची होती.

तो पाठमोरा बसला होता. माझी पावलं ऐकू आली असावीत. मागे न बघता त्याने दोन बटणं दाबली आणि स्क्रीन काळी झाली, कुलूप लागलं. मग त्याने वळून माझ्या हातातला कप घेतला.

“झालं?” त्याने विचारलं.

“झालं,” मी म्हटलं.