वास

"आत किडा शिरलाय, सांगते ना!" म्हातारीने इस्त्री अशी आपटली की शेजारची घड्यांची चळत घसरली. "पोटात नाही रे, खाली. टोचतो, आग आग होते."

मुलगा दारातल्या गिऱ्हाइकाकडे बघून ओशाळं हसला. गिऱ्हाईक गेल्यावर मात्र दात-ओठ खात म्हणाला, "लोकांसमोर काय हे, आई? लाज आहे का काही?"

बाईमाणसाचं दुखणं म्हटलं की ह्यांना आधी लाज आठवते, डॉक्टर नाही.

"आणि उद्यापासून दुकानात येऊ नकोस," त्याने नजर चुकवत सांगितलं. "कपड्यांना वास येतो म्हणतात लोक."

नवरा गेल्यावर ह्याच टेबलापाशी दिवसदिवस उभं राहून तिने ह्याच पोराला वाढवलं होतं. तिची रवानगी झाली मागच्या खोलीत, कोळशाच्या पोत्यांशेजारी. ती दिवसातून तीनदा अंग घासून धुवायची. सून तिचे कपडे वेगळे भिजवायची आणि खोलीत आली की श्वास रोखून धरायची. "आई, किडाबिडा काही नसतो हो. मनाचे खेळ सगळे." म्हातारी एकदा भडकून म्हणाली, "मनाला वास येतो का गं?" सून खिडकी उघडून निघून गेली.

वर्षभर हे सोसलं. मग एका सकाळी कुणाला न सांगता ती निघाली आणि बाजारामागच्या डॉक्टरीणबाईंच्या पुढ्यात जाऊन बसली.

बाईंनी तपासलं. बराच वेळ लागला, म्हातारी कळवळली. शेवटी ताटलीत काहीतरी टणकन पडलं. बांगडीएवढी, जाड कडी होती, काळी पडलेली.

"आजी, पूर्वी अंग बाहेर यायचं का तुमचं?"

"यायचं. पोराच्या लग्नाआधी. तेव्हा मोठ्या दवाखान्यात आत काहीतरी सारलं आणि म्हणाले, झालं काम, आता खुशाल उभ्या राहा."

"अहो, अंग आत धरून ठेवायला बसवतात ती ही कडी. दर काही महिन्यांनी काढून धुवायची असते. परत बोलावलं नाही तुम्हाला?"

"बोलावलं असतं तर आले नसते का मी? पाय मोडले होते माझे?" म्हातारीचा आवाज बाहेरच्या बाकापर्यंत गेला.

बाई शांतपणे म्हणाल्या, "तुमचं काही चुकलं नाही. किडा नव्हता, पण टोचत होतं ते खरं होतं. आत जखमा झाल्यात. वास त्यांचाच. औषधाने जाईल. मग नवी बसवू, आणि ह्या वेळी मी स्वतः बोलावीन." त्यांनी ताटली उचलली. "ही देते टाकून."

"माझ्यात टाकली तेवढी पुरे. द्या इकडे."

म्हातारीच्या अंगाचा नुसता तिळपापड झाला होता. रस्ताभर ती त्या दवाखान्याला शिव्या घालत आली. पण खरी आग दवाखान्याची नव्हतीच. दवाखान्यातली माणसं परकी होती. दुकानात शिरून तिने पिशवीतली कडी मुलाच्या पुढ्यात, टेबलावर ठेवली.

"हे काय?"

"माझ्या मनाचे खेळ. बघ नीट."

सून पुढे आली, तिने तोंडावर हात ठेवला. मुलगा म्हणाला, "आम्हाला काय माहीत, आई?"

"माहीत नव्हतं, कबूल. पण मी ओरडत होते, ते तर ऐकू येत होतं ना?"



औषध पुरं झालं, जखमा भरल्या, नवी कडी बसली. त्या आठवड्यात एका सकाळी म्हातारी दुकानात आली. "हो बाजूला," एवढंच म्हणाली. ढिगातून तिने मुलाचाच शर्ट ओढला. पाणी शिंपडलं, कॉलर दाबली, बाह्यांवरून इस्त्री फिरवली, घडी घातली. मग तो गरम शर्ट दोन्ही हातांनी त्याच्या नाकासमोर धरला.

"हुंग."

"आई, नको ना..."

"हुंग म्हणते ना! येतो का वास?"

त्याने शर्टात तोंड खुपसलं. खांदे हलायला लागले तरी वर काढलं नाही. म्हातारीने शर्ट त्याच्या हातात सोडून दिला आणि ढिगातला पुढचा ओढला.