जुनं यंत्र

"बाहेरची सोन्याची चौकट जन्मभर टिकेल, आतलं यंत्र तेवढं बदलत राहायचं," या दुकानदाराच्या एका वाक्यावर भाळून ठेकेदाराने ते महागडं स्मार्टवॉच घेतलं होतं. बायको काकुळतीला यायची, "अहो, छातीत धडधडतंय म्हणता, एकदा डॉक्टरांना दाखवा ना!" तो मनगट तिच्या नाकासमोर नाचवायचा. "हा हिरवा दिवा बघ, हृदय ठणठणीत! एवढं महागाचं घड्याळ खोटं बोलेल? डॉक्टर काय कपाळ वेगळं सांगणार!"

आज दुकानात कारागिराने जुनं यंत्र काढून मखमली तबकात ठेवलं, चौकटीत नवं बसवलं आणि घड्याळ त्याच्या मनगटावर बांधलं. थोड्याच वेळात ते थरथरलं. लाल अक्षरं उमटली: ठोके अनियमित, ताबडतोब डॉक्टरांना भेटा.

ठेकेदाराच्या तोंडचं पाणी पळालं. "भिकार आहे हे नवं! जुनंच बसवा परत."

"साहेब, एकदा तपासून तरी घ्या."

"अहो, जुनं कधी असं बोललं नाही!" त्याने तावातावाने तबकाकडे बोट दाखवलं आणि ते बोट तसंच हवेत राहिलं. मखमलीवर एकटंच पडलेलं जुनं यंत्र हिरवा दिवा लावून मख्खपणे सांगत होतं: हृदय ठणठणीत.